बारा खेपांची साक्ष

गणपतीच्या सुमारास ठाण्याच्या एका वाचक बाईंचे पत्र आले. चिरंजीव न्यू जर्सीत नोकरीला आहेत, पगार उत्तम, सूनबाई गुणाची, नातू तिसरीत. सगळे यथास्थित. काळजी एवढीच, की तिकडे संध्याकाळचे सात वाजले, म्हणजे इकडे पहाटेचे साडेचार, की चिरंजीव बेसबॉलच्या सामन्यांवर पैसे लावायला बसतात. आईने हटकले तेव्हा उत्तर आले, “आई, हा जुगार नव्हे, अभ्यास आहे.” आणि अभ्यासाचा पुरावा म्हणून त्याने एक भले मोठे कोष्टकच पाठवून दिले. अमुक फलंदाज तमुक गोलंदाजासमोर आजवर किती वेळा उभा राहिला आणि किती वेळा त्याने चेंडू झोडपला, त्याची ती यादी. बाई लिहितात, “कोष्टक मी दोनदा वाचले. आकडे तर खरे दिसतात. मग त्याला नाही म्हणायचे ते कोणत्या तोंडाने?”

प्रश्न चांगला आहे. बाई एके काळी शाळेत गणित शिकवत असाव्यात असा आमचा संशय आहे, कारण नुसते ‘जुगार वाईट’ एवढ्यावर त्यांचे समाधान होत नाही. आमचेही होत नाही. तेव्हा या दिवाळीला आपण या कोष्टकाचाच समाचार घेऊ.

ज्यांनी बेसबॉल फक्त इंग्रजी सिनेमात पाहिला असेल त्यांच्यासाठी चार शब्द. क्रिकेटमध्ये फलंदाज एकदा उतरला की बाद होईपर्यंत मैदानात असतो. तेथे तसे नाही. नऊ फलंदाज आळीपाळीने येतात, प्रत्येकाला एका सामन्यात सरासरी चार खेपा मिळतात, आणि एका खेपेत एक तर चेंडू टोलवून तळ गाठायचा, नाही तर मुकाट्याने परत जायचे. दहा खेपांत तीनदा जमले तर तो मोठा फलंदाज. ही सरासरी ते हजारांत सांगतात, म्हणजे दहात तीन जमवणारा ‘तीनशेचा’ गडी. सध्या तेथील साधारण फलंदाज २४५ च्या आसपास असतो. थोडक्यात, चारात एकदा यश आणि तीनदा अपयश. इतक्या वेळा हरूनही ज्याला शाबासकी मिळते असा दुसरा धंदा आमच्या तरी पाहण्यात नाही.

या खेळाला हिशेबाचे वेड लावणारा गृहस्थ मुळात आपल्याच पंथातला, म्हणजे क्रिकेटवाला होता. हेन्री चॅडविक. जन्म इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, १८२४ चा. न्यूयॉर्कला जाऊन तो वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या हकीकती लिहीत असे. पुढे त्याला बेसबॉलची गोडी लागली आणि क्रिकेटच्या धावफलकासारखा तक्ता त्याने त्या खेळालाही घालून दिला. तेव्हापासून अमेरिकेत चेंडू हलला की कोणी तरी त्याची नोंद करून ठेवतोच. १९४७ साली ब्रुकलिन डॉजर्स या संघाने तर ॲलन रॉथ नावाच्या मॉन्ट्रियलच्या माणसाला पगार देऊन फक्त आकडे लिहायला ठेवले. तो प्रत्येक चेंडू टिपायचा. डावऱ्या गोलंदाजासमोर कोण कसा खेळतो, घरच्या मैदानावर कसा, परक्या मैदानावर कसा, हे सगळे त्याच्या वहीत असे.

एकाच फलंदाजाच्या आकड्यांचे असे तुकडे करण्याला तिकडे ‘स्प्लिट’ म्हणतात. आपण ‘फोड’ म्हणू. आंब्याची एक फोड तोंडात टाकली की आंबा हापूस की पायरी ते कळते, हे खरेच. पण फोड किती जाड कापली आहे यावर सगळे अवलंबून. अगदी कागदासारखी पातळ फोड असेल तर चव आंब्याची की सुरीला आधी लागलेल्या लोणच्याची, हे सांगणे कठीण.

आता काही फोडी खरोखर जाड आहेत, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सगळ्यांत जाड म्हणजे डाव्या-उजव्याची. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा चेंडू उजव्या फलंदाजाच्या जणू खांद्यामागून येतो आणि वळण घेत त्याच्यापासून दूर पळतो. डावऱ्या फलंदाजाला तोच चेंडू दुरून दिसतो आणि आत येतो. म्हणून डावरा फलंदाज उजव्या गोलंदाजासमोर खुलतो आणि डावऱ्यासमोर गोंधळतो. फरक फार मोठा नसतो, पण पिढ्यान् पिढ्या टिकला आहे. १९१४ साली बोस्टन ब्रेव्ह्जच्या जॉर्ज स्टॉलिंग्जने समोर डावरा आहे की उजवा हे पाहून क्षेत्ररक्षकांच्या जोड्या बदलल्या आणि जगज्जेतेपद मिळवले. केसी स्टेंगलला खेळाडू असताना या अदलाबदलीचा अनुभव मिळाला होता; पुढे न्यूयॉर्क यँकीजचा व्यवस्थापक झाल्यावर त्याने तीच युक्ती वापरली आणि १९४९ ते १९५३ सलग पाच वर्षे विजेतेपद घेतले. बाल्टिमोरचा अर्ल वीव्हर तर आमचा विशेष लाडका. तापट माणूस, पंचांशी हमरीतुमरीवर येणारा, पण खिशात प्रत्येक फलंदाजाच्या नोंदींची कार्डे बाळगणारा. जॉन लोवेनस्टाइन डावरा आणि गॅरी रोनिकी उजवा; त्याने या दोघांना गोलंदाज पाहून डाव्या बाजूला उभे केले, आणि १९८२ साली त्या दोघांनी मिळून ४५ होमरन ठोकले. दोन मध्यम खेळाडूंचा असा एक मोठा खेळाडू झाला.

आणि ही डाव्या-उजव्याची भीती फलंदाजांनाही असते हो! १९९७ च्या ऑल-स्टार सामन्यात लॅरी वॉकर हा डावरा फलंदाज, आणि समोर रँडी जॉन्सन. सहा फूट दहा इंच उंचीचा, डाव्या हाताचा, त्या काळचा सर्वांत धडकी भरवणारा गोलंदाज. पहिलाच चेंडू वॉकरच्या डोक्यावरून सुसाटत गेला. वॉकरने शांतपणे शिरस्त्राण उलटे फिरवले आणि तो पलीकडे जाऊन उजव्या बाजूला उभा राहिला! सारे प्रेक्षागार हसले. गंमत होती, पण गंमतीच्या पोटात फोडीचे सगळे शास्त्र होते.

मैदानाची फोडही जाड आहे. हाच वॉकर डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर ३८१ च्या सरासरीने खेळला, आणि सगळी मैदाने धरून त्याची कारकिर्दीची सरासरी ३१३. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फुटांवर. हवा विरळ, त्यामुळे चेंडू दूर उडतो आणि गोलंदाजाचे वळणही कमी घेतो. २००२ पासून तेथे चेंडू दमट कपाटात ठेवतात, आपण पावसाळ्यात पापड हवाबंद डब्यात ठेवतो त्याच्या नेमके उलट. तरीही डेन्व्हर ते डेन्व्हरच.

पण ठाण्याला आलेल्या कोष्टकातली फोड ही नव्हे. ती आहे ‘हा फलंदाज विरुद्ध हा गोलंदाज’ अशी. आणि ती कागदाहून पातळ आहे.

का, ते पाहा. एका मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, हे ऐकून वाटते की केवढा हा पसारा! पण सामना सुरू करणारा गोलंदाज पाच-सहा दिवसांतून एकदा उतरतो. २०२३ पासून वेळापत्रकही बदलले. स्वतःच्या गटातल्या संघाशी पूर्वी १९ सामने होत, आता १३ होतात, कारण प्रत्येक संघाला उरलेल्या २९ ही संघांशी खेळावे लागते. म्हणजे गटातल्या एखाद्या गोलंदाजाशी गाठ पडली तर वर्षातून दोन-तीनदा, दर वेळी दोन-तीन खेपा. बाकीच्यांशी त्याहून कमी. बारा-वीस खेपा जमायला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर फलंदाजाचा गुडघा दुखू लागलेला असतो, गोलंदाजाने नवा चेंडू शिकलेला असतो, किंवा त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झालेली असते. कोष्टकात मात्र दोघे पहिल्या भेटीतल्याइतकेच तरुण!

बारा खेपांची साक्ष किती ग्राह्य धरायची, हे घरबसल्या तपासता येते. दिवाळीत पत्ते निघतातच. फराळ आटोपला की जोड घ्या आणि जोकर बाजूला ठेवा. बावन्न पत्त्यांत चौकटची तेरा पाने, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा; आपल्या साधारण फलंदाजाच्या यशाएवढाच. एक पान ओढा, पाहा, परत ठेवा, पिसा. चौकट आली तर हिट, नाही तर बाद. प्रत्येकाने बारा खेपा घ्यायच्या. हिशेबाने प्रत्येकाला तीन हिट मिळायला हव्यात. पण बारा माणसे जमली असतील तर त्यांत साधारण दोघांना पाच किंवा अधिक हिट मिळतील, आणि साधारण दोघांना एक किंवा तीही नाही. गणित सांगते की दोन्हींची शक्यता शेकडा सोळाच्या घरात. समजा आजीबाईंना पाच मिळाल्या. त्यांची सरासरी झाली ४१७. इंजिनीअर जावईबापूंना एक, त्यांची ८३. आता कोष्टक करा आणि घरातल्या कोणालाही विचारा, पुढच्या फेरीत पैसे कोणावर लावाल? आजींवर लावणारा एक तरी निघेल. त्याला पत्ते पुन्हा पिसून द्या.

सगळे तीस संघ मैदानात असतील त्या दिवशी अमेरिकेत २७० फलंदाज खेळायला उतरतात. त्या सर्वांची समोरच्या गोलंदाजाविरुद्ध बारा-बारा खेपांची नोंद आहे असे धरले आणि सगळे अगदी एकसारखे आहेत असे मानले, तरी चाळीस-बेचाळीस जण नुसत्या योगायोगाने ४१७ च्या वर दिसतील. आणि कोष्टक बनवणारे काय करतात? मोठ्या आकड्यापासून लहान आकड्यापर्यंत उतरत्या क्रमाने यादी लावतात. म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या आजीबाई ओळीने वर!

फलंदाज काही पत्ते नव्हेत, माणसामाणसांत फरक असतोच, असे कोणी म्हणेल. असतोच. प्रश्न एवढाच, की बारा खेपांच्या गोंगाटात तो फरक ऐकू येतो का? टॉम टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्र्यू डॉल्फिन या तिघांनी २००६ साली ‘द बुक’ नावाचा ग्रंथ काढला, त्यात हीच तपासणी आहे. काही वर्षे ज्यांनी एखाद्या गोलंदाजाला ‘खिशात घातले’ होते असे फलंदाज निवडले आणि पुढे त्याच गोलंदाजासमोर ते कसे खेळले ते पाहिले. ते आपापल्या नेहमीच्या मगदुराप्रमाणे खेळले. मागच्या भेटींच्या इतिहासाने भाकितात जवळजवळ काहीच भर पडली नाही.

येथे बेसबॉलचे जाणकार एक नाव हमखास पुढे करतात: टोनी ग्विन आणि ग्रेग मॅडक्स. मॅडक्स म्हणजे ३५५ सामने जिंकलेला गोलंदाज. ग्विन म्हणजे ३३८ ची कारकीर्द. हे दोघे समोरासमोर आले तेव्हा ग्विनने ९४ खेपांत ३९ हिट काढल्या, सरासरी ४१५. आणि चालत तळ गाठलेल्या वगैरे धरून एकूण १०७ वेळा उभा राहूनही मॅडक्सला तो तीन चेंडू चुकवून एकदाही बाद करता आला नाही. दंतकथाच म्हणायची. पण पेन्सिल घेऊन बसलो तर काय निघते पाहा. ३३८ च्या फलंदाजाने ९४ खेपांत ३९ किंवा अधिक हिट काढण्याची शक्यता चौदात एक आहे. ग्विन वीस मोसम खेळला, शेकडो गोलंदाजांना भेटला. त्यांतली एक गाठ अशी निघाली तर नवल ते काय? त्यातून ग्विन डावरा आणि मॅडक्स उजवा, म्हणजे जाड फोडीचा फायदा होताच. आम्हांला खरे आश्चर्य त्या शून्याचे वाटते. ग्विन एरवी चोवीस वेळांत साधारण एकदा तसा बाद होई. त्या हिशेबाने १०७ मध्ये चार-पाचदा व्हायला हवा होता. शून्य येणे म्हणजे शंभरात एक. त्या दोघांत खरेच काही तरी होते असे मानायचेच असेल तर ते त्या शून्यावरून मानावे, ४१५ वरून नव्हे. आणि पैजा लावणारे नेमके ४१५ च पाहतात.

आता कोणी विचारील, मग छोट्या आकड्याचे करायचे तरी काय? फेकून द्यायचा? नाही. त्याला सरासरीकडे ओढायचे. चार्ल्स स्टाइन या गणितज्ञाने १९५० नंतरच्या दशकात एक चमत्कारिक गोष्ट सिद्ध केली होती. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी ती १९७७ साली बेसबॉलचेच उदाहरण घेऊन लोकांना समजावली. १९७० च्या मोसमात पहिल्या ४५ खेपा झालेले अठरा फलंदाज त्यांनी घेतले. रोबर्टो क्लेमेंटी सर्वांत वर, ४५ त १८ हिट, म्हणजे ४००. थर्मन मन्सन सर्वांत खाली, ४५ त ८, म्हणजे १७८. अठरा जणांची मिळून सरासरी २६५. एफ्रॉन-मॉरिस म्हणाले, प्रत्येकाला या २६५ कडे बरेच ओढा आणि मग उरलेल्या मोसमाचे भाकीत करा. मोसम संपला. क्लेमेंटी उरलेल्या भागात ३४६ ने खेळला, मन्सन ३१६ ने. १७८ वरून ३१६! अठराही जणांच्या चुका एकत्र मोजल्या तेव्हा कच्च्या आकड्यांची चूक ओढलेल्या आकड्यांच्या साडेतीनपट निघाली. क्लेमेंटीच्या एकट्याच्या बाबतीत मात्र सूत्राचा विशेष उपयोग झाला नाही, कारण तो खरोखरच क्लेमेंटी होता. पण ज्याला रोज नवा खेळाडू निवडायचा आहे त्याला रोज क्लेमेंटी भेटत नाही. आणि या होत्या ४५ खेपा. बारांना किती ओढावे लागेल?

‘या संघाविरुद्ध तो नेहमी चमकतो’ ही फोड तर याहून पोकळ. संघ म्हणजे टोपीवरचे अक्षर. तीन वर्षांपूर्वी त्या टोपीखाली जे गोलंदाज होते ते आज पाच गावांत विखुरलेले असतात.

आणखी एक गोष्ट कोष्टकवाले विसरतात. आजकाल सुरुवातीचा गोलंदाज जेमतेम पाच डाव टिकतो, सामना नऊ डावांचा. फलंदाजाच्या चार खेपांपैकी दोनच बहुधा त्याच्यासमोर होतात. उरलेल्या दोन मागून येणाऱ्या ताज्या दमाच्या, कोष्टकात नसलेल्या गोलंदाजांसमोर. पूर्वी एकाच डावऱ्या फलंदाजासाठी एक डावरा गोलंदाज आणून लगेच परत नेत. २०२० पासून नियम झाला की आलेल्याने किमान तीन फलंदाजांना सामोरे गेले पाहिजे, किंवा डाव संपवला पाहिजे. म्हणजे जाड फोडीचे हिशेबही दर काही वर्षांनी नव्याने मांडावे लागतात.

समजा, ठाण्याच्या बाईंचे चिरंजीव हे सगळे जाणतात. पातळ फोडी त्यांनी टाकून दिल्या. डावे-उजवे, मैदान, वारा एवढेच पाहतात. मग तरी जिंकतील? येथे बाजाराचा प्रश्न येतो. अवकाळी पावसात नाशकाकडचा कांदा भिजला ही बातमी खरीच असते, पण ती तुमच्याआधी वाशीच्या व्यापाऱ्याला कळलेली असते आणि भाव आधीच चढलेला असतो. डेन्व्हरची विरळ हवा पैजवाल्याला ठाऊक नाही असे थोडेच आहे? त्याने ती भावात घालूनच दुकान उघडलेले असते. तुमची माहिती खरी असून भागत नाही. ती त्याच्याजवळ नसलेली हवी.

शिवाय दुकानाचे भाडे. तेथील रूढ भाव असा, की १०० जिंकायला ११० लावायचे. शंभर पैजांत पन्नास जिंकल्या तर ५,००० आले, ५,५०० गेले. ५०० डॉलरचा खड्डा. बावन्न जिंकल्या तरी ८० डॉलर तोटा. त्रेपन्न जिंकल्या तर कोठे १३० डॉलर नफा. शंभरात त्रेपन्न हे ऐकायला सोपे वाटते. पैजवाल्याच्या भावाविरुद्ध वर्षानुवर्षे तेवढे जमवणारे फार थोडे, आणि ज्यांना जमते त्यांचे खाते बरेच पैजवाले आखडते घेतात, म्हणजे ‘आपण आता पाच डॉलरच्या वर लावू नये’ असे नम्रपणे कळवतात. हरणाऱ्याला असे पत्र येत नाही.

सर्वांत गोंडस प्रकार म्हणजे ‘पार्ले’. याचा आपल्या विलेपार्ल्याशी किंवा बिस्किटांशी काही संबंध नाही. तीन-चार पैजा एकत्र गुंफायच्या; सगळ्या जिंकल्या तर मोठी रक्कम, एक हुकली तर सगळे पाण्यात. तीन समसमान पैजांची माळ केली तर १०० डॉलरचे मुद्दलासह ६९६ मिळतात. न्यायाने ८०० मिळायला हवेत, कारण आठात एकदाच तिन्ही जमतात. एकेका पैजेत दुकानदार शेकड्याला साडेचार-पाच घेतो, माळेत तेरा. हीच माळ जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत का असते, ते यावरून कळावे.

दुसरा मार्ग ‘फँटसी’चा, म्हणजे मनाने संघ रचायचा. त्यातले रोजचे, पैशांचे रूप २००९ नंतर बोकाळले. एका प्रसिद्ध प्रकारात ५०,००० काल्पनिक डॉलर देतात आणि दहा खेळाडू विकत घ्यायला लावतात. येथे समोर दुकानदार नसतो, दुसरे खेळणारे असतात, म्हणून हे कौशल्य, असे म्हणतात. कौशल्य आहेच, पण कोणाचे? मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने २०१५ च्या बेसबॉल मोसमाच्या पहिल्या अर्ध्याचा हिशेब केला, तेव्हा खेळणाऱ्यांना झालेल्या नफ्यापैकी शेकडा ९१ भाग शेकडा १.३ लोकांच्या खिशात गेल्याचे दिसले. ते लोक संगणकावर शेकडो संघ रचणारे. नोकरीवरून घरी येऊन, मुलाचा गृहपाठ घेऊन मग कोष्टक उघडणारा गृहस्थ त्या १.३ मध्ये बसत नाही. त्यांचा नफा ज्याच्यातून येतो त्या बाजूला तो बसतो.

हे सगळे उजळ माथ्याने चालू झाले ते १४ मे २०१८ पासून. १९९२ च्या केंद्रीय कायद्याने बहुतेक राज्यांत खेळांवरच्या पैजा बंद होत्या. न्यू जर्सी राज्याने तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि जिंकला. आज तीसाहून अधिक राज्यांत पैजा कायदेशीर आहेत. आपल्याकडे वारे उलट वाहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद केले. पण अमेरिकेच्या आकड्यावर पैसे लावायचा छंद आम्हां मुंबईकरांना नवा नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि मिटते भाव तारेने यायचे आणि गिरणगावात त्यावर आकडा लागायचा. मटक्याचा जन्म त्यातलाच. तेव्हाही काही जण वहीत जुने आकडे लिहून ‘अभ्यास’ करीत.

खुद्द बेसबॉलला पैजेचे चटके कमी बसलेले नाहीत. १९१९ ची अंतिम मालिका शिकागोच्या खेळाडूंनी विकल्याचे प्रकरण झाले. न्यायालयाने खेळाडूंना सोडले, पण १९२१ मध्ये आयुक्त लँडिसने आठही जणांना जन्माची बंदी घातली. सर्वाधिक हिटांचा विक्रम करणारा पीट रोझ १९८९ मध्ये पैजांपायी बाहेर गेला आणि ३० सप्टेंबर २०२४ ला वारला तोवर आत येऊ शकला नाही. त्याचे नाव बंदीच्या यादीतून निघाले ते मे २०२५ मध्ये, मरणोत्तर. जून २०२४ मध्ये तुकुपिता मार्कानो या तरुण खेळाडूला बेसबॉलवर पैजा लावल्याबद्दल आयुष्यभराची बंदी झाली. आणि शोहेइ ओतानीचा दुभाष्या इप्पेइ मिझुहारा. त्याने जुगाराची देणी फेडायला ओतानीच्या खात्यातून सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर उचलले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला ५७ महिन्यांची शिक्षा झाली. हा माणूस खेळाडूंच्या खोलीत बसणारा, खेळ आतून पाहणारा. त्याच्याइतकी माहिती कोणत्या कोष्टकात असणार? आणि तो बेसबॉलवर लावतही नव्हता असे त्याचे म्हणणे होते. हरला तो बाकीच्या खेळांवर.

तेव्हा बाई, चिरंजीवांशी कोष्टकावरून वाद घालू नका. कोष्टक खरे आहे. त्यांना दुसरेच एक कोष्टक मागा. मोसमाच्या पहिल्या दिवसापासून खात्यात किती डॉलर भरले, आणि किती परत काढून बँकेत ठेवले. दोनच आकडे. जिंकलेल्या पैजा आठवणीत राहतात, हरलेल्या नाहीत, म्हणून तोंडी हिशेब चालणार नाही. बँकेच्या उताऱ्यावरून सूनबाईंसमोर बसून काढलेला हवा. एका मोसमात हजार खेपा सहज होतात, म्हणजे ही फोड चांगली जाड आहे, तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. उत्तर नफ्याचे आले तर आम्हांला जरूर कळवा. आणि उतारा दाखवायलाच ते टाळू लागले, किंवा भरलेले पैसे पगारातले नसून कर्जाऊ निघाले, तर मात्र गणिताचे काम संपले असे समजा. मग तिकडे जुगाराच्या व्यसनावर उपचार करणारे लोक आहेत, त्यांच्याकडे सूनबाईंनी विनासंकोच जावे. फोनवरून ठाण्याहून रागावण्याचा उपयोग होणार नाही.

त्यांना बेसबॉलचा नादच असेल आणि पैशाचा नसेल, तर त्या नादाला जुनी, निरुपद्रवी वाटही आहे. १९८० साली डॅनियल ओक्रेंट नावाचा संपादक-लेखक आणि त्याचे मित्र मॅनहॅटनमधल्या ‘ला रोटिसरी फ्रान्सेझ’ नावाच्या खाणावळीत जमत. तेथे त्यांनी संघ वाटून घेण्याचा खेळ ठरवला. पूर्ण मोसमभर एकच संघ, मित्रमंडळींतली वर्गणी, आणि वर्षभर एकमेकांची टिंगल. खाणावळीच्या नावावरून तो खेळ ‘रोटिसरी’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि आजची बेसबॉलची फँटसी मुख्यतः त्यातून निघाली. सहा महिन्यांच्या खेपा मोजायच्या असल्यामुळे त्यात जाड फोडींनाच किंमत राहते, आणि डावे-उजवे, मैदान, वय यांचा अभ्यास खरोखर कामी येतो. न्यू जर्सीत मराठी मंडळी काही कमी नाहीत. दहा जण सहज जमतील. ओक्रेंटविषयी एक गोष्ट तिकडे नेहमी सांगतात, ती चिरंजीवांच्या कानावर घालावी. ज्या गृहस्थाने हा खेळ शोधून काढला त्याला स्वतःला त्याचे अजिंक्यपद कधी मिळाले नाही.